आल्प्स ओलांडणारे कोल्हापूरकर

आल्प्स म्हटलं की आपल्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे यश चोप्रांचे पिक्चर आणि दुसरी म्हणजे टूरवाल्यांच्या जाहिरातीतले मंकी कॅप घातलेले काका-काकू. हल्ली कोल्हापुरातूनही बरीच मंडळी दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जाऊन येतात, बर्फात घसरतात, आणि परत आल्यावर महिनाभर सगळ्यांना फोटो दाखवतात. ज्यांना ते जमत नाही ते मनाली, औली नाहीतर गुलमर्ग गाठतात आणि भाड्याचे गमबूट घालून हौस भागवतात. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर 1870 मध्ये, एका कोल्हापूरकराने आल्प्स पर्वत रेल्वेनं ओलांडला होता. त्यांचं वय तेव्हा 20 होतं. म्हणजे आपल्या टी.ई.च्या वर्गात शोभले असते. फरक एवढाच की ते कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती होते.

त्यांचं नाव राजाराम महाराज. इथे थोडा घोटाळा होतो. आपल्या गावात राजाराम हे नाव इतक्या ठिकाणी आहे (राजारामपुरी, राजाराम कॉलेज, राजाराम बंधारा, राजाराम तलाव) की नक्की कोणते राजाराम हे कुणी विचारतच नाही. पावसाळ्यात तर राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटावर गेलं, 39 झालं की 43, एवढीच चर्चा. तर हिशेब असा आहे. पहिले राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे पती. राजारामपुरी ज्यांच्या नावाने आहे ते राजाराम म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, 1922 ते 1940 या काळातले. आपले राजाराम या दोघांच्या मधले. त्यांनी चारच वर्षं राज्य केलं, त्यामुळे ते दोन मोठ्या नावांच्या मध्ये हरवून गेलेत. राजाराम कॉलेजचं नाव मात्र यांचंच.

जन्म 13 एप्रिल 1850. मूळ नाव नागोजीराव पाटणकर. कोल्हापूरचे शिवाजी महाराज, ज्यांना बाबासाहेब महाराज म्हणत, ते यांचे मामा. बाबासाहेबांना मुलगा नव्हता. ऑगस्ट 1866 मध्ये ते वारले, आणि जाण्यापूर्वी त्यांनी भाच्याला दत्तक घेतलं. नागोजीरावांचे राजाराम झाले आणि सोळाव्या वर्षी गादीवर बसले. राज्यकारभार अर्थातच ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली होता.

त्या वेळचं कोल्हापूर काय मनःस्थितीत असेल याची कल्पना यायला एक गोष्ट पुरेशी आहे. 1857 मध्ये इथल्या पलटणीनं बंड केलं होतं. बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूनं राहिले, पण त्यांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर संशय आला. इंग्रजांनी त्यांना पकडून कराचीला नेलं आणि ते कधीच परत आले नाहीत. 1869 मध्ये ते तिकडेच वारले. दत्तक नात्यानं ते राजाराम महाराजांचे चुलते. म्हणजे घरातला एक माणूस इंग्रजांचा कैदी म्हणून दूर मेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच घरातला तरुण राजा इंग्रजांचा पाहुणा म्हणून लंडनला निघाला. या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की मला तरी जरा अस्वस्थ व्हायला होतं.

महाराजांचं शिक्षण एका पारशी शिक्षकांच्या हाताखाली झालं. इंग्रजी उत्तम. इतकं की युरोपच्या प्रवासात त्यांनी रोज जी डायरी लिहिली ती इंग्रजीत लिहिली. त्यांच्याबरोबर गेलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती 1872 मध्ये लंडनमध्ये छापली. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला हे वाचून बरं वाटलं, कारण आम्हाला नेहमी ऐकावं लागतं की इंग्रजीत विचार करणारी पोरं मुळापासून तुटलेली असतात. महाराज डायरी इंग्रजीत लिहायचे, पण जेवण आपल्या माणसांच्या हातचंच जेवायचे. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

आता परदेशी जाणं म्हणजे व्हिसाची रांग. तेव्हा तो धर्माचा प्रश्न होता. समुद्र ओलांडला की जात बाटते, ही समजूत फक्त खेड्यापाड्यात नव्हती, राजवाड्यातही होती. गादीवर असलेला एकही हिंदू राजा तोपर्यंत इंग्लंडला गेलेला नव्हता. राजाराम महाराज पहिले. आणि छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसानं हे करणं म्हणजे चार लोकांत कुजबूज होण्यापुरती गोष्ट नव्हती. शास्त्री-पंडित, नातेवाईक, दरबारी, प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असणारच. विसाव्या वर्षी ट्रेकला जायचं म्हटलं तरी आपल्याला घरी तीन दिवस चर्चा करावी लागते! बरोबर स्वतःचे आचारी, नोकर, मानकरी असा लवाजमा घेऊन मे 1870 मध्ये ते मुंबईहून बोटीनं निघाले आणि जूनमध्ये लंडनला पोचले.

लंडनमध्ये त्यांनी जे जे बघण्यासारखं होतं ते बघितलं. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. पार्लमेंट, नाटकं, संग्रहालयं, कारखाने, मेजवान्या. पुढे स्कॉटलंडचीही सफर झाली. डायरी तशी त्रोटक आहे. आज इथे गेलो, अमुक बघितलं, अमुक भेटले. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या रिपोर्टसारखीच म्हणा ना. वर्णनाचा फुलोरा नाही. पण एक गोष्ट मला आवडली. हा तरुण राजा कुठेही भारावून गेलेला दिसत नाही. सगळं नीट बघतो, लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या ठिकाणी जातो. परत जाऊन काहीतरी करायचं आहे, अशा माणसाची ही नोंद वाटते. निदान मला तसं वाटलं.

आता परतीचा प्रवास, आणि इथेच सगळं बदलतं.

नेहमीचा सोपा रस्ता म्हणजे लंडनहून फ्रान्समधून मार्सेल्सला जायचं आणि तिथून बोट. पण जुलै 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. फ्रान्समधून जाणं बंद. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराजांचा तांडा इंग्लंडहून बेल्जियममध्ये उतरला, तिथून जर्मनी, तिथून ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत, आणि मग आल्प्स ओलांडून इटली असा लांबचा वळसा ठरला. दुसऱ्यांच्या युद्धामुळे कोल्हापूरचा राजा ऐन थंडीच्या तोंडावर इन्सब्रुकला येऊन पोचला.

इन्सब्रुक हे नाव आज ज्यांना माहीत आहे त्यांना ते स्कीइंगमुळे माहीत आहे. 1964 आणि 1976 अशी दोनदा तिथे हिवाळी ऑलिंपिक झाली. 1964 ला तर गंमत अशी झाली की ऐन वेळी बर्फच पडला नाही, आणि ऑस्ट्रियाच्या लष्कराने डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला. त्याच ऑलिंपिकमध्ये भारत पहिल्यांदा हिवाळी खेळांत उतरला. आपला संघ म्हणजे एकच माणूस, जेरेमी बुजाकोव्स्की. (नाव ऐकून दचकू नका, पोलिश वंशाचे पण भारताकडूनच खेळले.) त्यामुळे ऑलिंपिकच्या हिशेबात बर्फातला पहिला भारतीय इन्सब्रुकलाच उतरला असं म्हणायला हरकत नाही. पण आपले महाराज त्याच्या 94 वर्षं आधी तिथे होते.

मला आणखी एक योगायोग सापडला. इन्सब्रुक समुद्रसपाटीपासून साधारण 574 मीटरवर आहे. आपलं कोल्हापूर साधारण 550 ते 570 मीटरवर. म्हणजे उंची जवळजवळ सारखीच! पण कोल्हापूर साडेसोळा अंशांवर आणि इन्सब्रुक सत्तेचाळीस अंशांवर, शिवाय शहराच्या डोक्यावरच दोन हजार मीटरच्या वरचे कडे. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे गुऱ्हाळं सुरू झालेली, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी शिखरं पांढरी झालेली असतात.

आता कुणी म्हणेल, मग मजा आली असेल की! पण 1870 मध्ये बर्फात मजा करायला जायची कल्पनाच जेमतेम जन्माला आलेली होती. हिवाळ्यात आल्प्समध्ये सुट्टीसाठी जाण्याची सुरुवात 1864-65 च्या सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला झाली असं मानतात. योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्यानं आपल्या इंग्रज गिऱ्हाईकांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर खर्च माझा. ती मंडळी आली आणि वसंतापर्यंत राहिली. तोवर उन्हाळा संपला की हॉटेलं बंद व्हायची. स्कीइंग म्हणाल तर ते तेव्हा नॉर्वेतच होतं. टेलेमार्कचा सोंड्रे नॉर्हाइम 1868 मध्ये राजधानीत येऊन लोकांना आपली करामत दाखवून गेला होता. आल्प्समध्ये स्की पोचले ते 1890 च्या आसपास. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉइल 1894 मध्ये दाव्होसहून आरोसाला स्कीवरून डोंगर ओलांडून गेले तेव्हा ती बातमी होण्यासारखी गोष्ट होती. इन्सब्रुकच्या डोंगरावर जायची केबल कार तर 1928 ची. तेव्हा महाराजांच्या वेळी बर्फ म्हणजे फक्त थंडी. मध्यमवर्गीय माणसासाठीसुद्धा ती सहन करायची गोष्ट होती, खेळायची नव्हे.

आणि महाराज आजारी पडले. सांधे धरले, चालता येईना. आयुष्यभर पंचगंगेकाठच्या उन्हात वाढलेला माणूस, सहा महिन्यांचा प्रवास, बदललेलं खाणं-पाणी आणि त्यात ही हवा. थोडं थांबायला हवं होतं, असं आज बसल्या जागी म्हणणं सोपं आहे. पण मागे हिवाळा वाढत चाललेला, पुढे इटलीतली उबदार हवा. कॅप्टन वेस्टच्या जागी आपण असतो तर आपणही लवकरात लवकर दक्षिणेला चला असंच म्हटलं असतं. त्यामुळे मी तरी त्या साहेबाला दोष देणार नाही.

इन्सब्रुकहून इटलीत उतरायला तेव्हा रेल्वेचा एकच मार्ग होता, ब्रेनर खिंडीचा. तो मार्ग 1867 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे फक्त तीन वर्षांचा जुना. इंजिनिअरिंगच्या पोरांनी यावर जरा थांबायला हवं. कार्ल फॉन एट्झेल नावाच्या इंजिनिअरनं तो आखला. 1371 मीटर उंचीची खिंड, आणि खालून मोठा बोगदा न पाडता गाडी थेट खिंडीवरून नेली. इन्सब्रुकपासून खिंडीपर्यंत 37 किलोमीटरमध्ये जवळजवळ 800 मीटर चढ. चढाचं प्रमाण साधारण 40 ला 1. उतार पुरा पडावा म्हणून त्यानं रुळांना बाजूच्या दऱ्यांमध्ये वळसे घालत आत नेलं आणि परत बाहेर आणलं. आपल्या बोर घाटाचा चढ 37 ला 1 आहे आणि तो 1863 मध्येच सुरू झाला होता, म्हणजे त्या बाबतीत आपण मागे नव्हतो हे लक्षात ठेवा. एट्झेल मात्र आपली गाडी धावलेली बघू शकला नाही. तो 1865 मध्येच वारला. आता त्याच डोंगराच्या पोटातून 55 किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे.

याच मार्गानं आजारी महाराजांना घेऊन गाडी वर चढली असणार आणि पलीकडे उतरली असणार. कोल्हापूरला स्वतःची रेल्वे मिळायला अजून 21 वर्षं होती. ती 1891 मध्ये आली. खिडकीबाहेर बर्फानं भरलेले देवदारासारखे वृक्ष, वाफेच्या इंजिनाचा धूर, आणि आत शालीत गुंडाळलेला, पाय हलवता न येणारा 20 वर्षांचा मुलगा. मी हे लिहितोय तेव्हा मला आमच्या होस्टेलमधला प्रत्येक जण आठवतोय, जो घरापासून लांब असताना तापानं फणफणला आणि आईला फोनवर मी बरा आहे असं सांगत राहिला. महाराजांना फोनही नव्हता.

फ्लॉरेन्सला पोचल्यावरही उतार पडला नाही. आर्नो नदीच्या काठावर एका मोठ्या हॉटेलात ते उतरले होते. उपचार झाले, उपयोग झाला नाही. 30 नोव्हेंबर 1870 ला राजाराम महाराज गेले.

आता प्रश्न उभा राहिला अंत्यसंस्काराचा. आपल्याला वाटतं त्यात काय. पण त्या काळी ख्रिश्चन युरोपात दहनाची पद्धतच नव्हती. लोक पुरायचे, आणि उघड्यावर प्रेत जाळणं हा तिथल्या लोकांच्या दृष्टीनं भयंकर प्रकार. महाराजांच्या माणसांना दुसरं काही मान्य होणं शक्यच नव्हतं. समुद्र ओलांडला हेच आधी मोठं धाडस, आता निदान शेवट तरी धर्माप्रमाणे व्हायला हवा. त्यातही नदीच्या संगमावर व्हायला हवा. प्रयाग चिखलीचा संगम ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, ब्रिटिश वकिलात तिथेच होती. त्यांनी मध्यस्थी केली आणि नगरपालिकेनं खास परवानगी दिली. शहराच्या पश्चिमेला कॅशिने नावाचं मोठं उद्यान आहे. त्याच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथे मध्यरात्रीनंतर चिता रचली गेली. एवढी रात्र आणि थंडी असूनही बघायला गावकरी जमले होते. अस्थी भारतात नेण्यासाठी कलशात भरल्या गेल्या.

योगायोग असा, की युरोपात दहनाची चर्चा त्याच दशकात जोरात सुरू झाली. पदुआच्या ब्रुनेट्टी नावाच्या प्राध्यापकानं भट्टीचे प्रयोग करून 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याचं मॉडेल मांडलं, ते बघून सर हेन्री थॉम्पसन यांनी 1874 मध्ये इंग्लंडमध्ये दहनाचा प्रचार करणारी संस्था काढली, आणि 1876 मध्ये मिलानला दाहगृह उभं राहिलं. हे आपल्या महाराजांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. उगाच सगळ्याचं श्रेय कोल्हापूरला घ्यायची आपल्याला सवय आहे! पण इटलीनं उघड्यावरची चिता बघितली ती त्याच्या आधी, एवढं खरं.

1874 मध्ये त्या संगमाजवळ स्मारक झालं. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. चार बाजूंना चार भाषांत लेख. आणि छत्रीचं डिझाइन कुणाचं? चार्ल्स मँट यांचं. हे नाव कोल्हापूरकराला अनोळखी वाटत असेल, पण त्यांचं काम आपण रोज बघतो. रॉयल इंजिनिअर्समधले हे अधिकारी. टाऊन हॉल, ज्यात आता म्युझियम आहे, तो त्यांचा. सी.पी.आर. हॉस्पिटलची जुनी इमारत त्यांची. नवा राजवाडा त्यांचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेससुद्धा त्यांनीच आखला. नव्या राजवाड्याचं काम 1884 मध्ये पुरं झालं, पण मँट 1881 मध्येच वारले होते. एट्झेलसारखंच. म्हणजे नव्या राजवाड्यासमोर उभं राहून घुमट आणि कमानी बघताना आपण ज्या माणसाचं काम बघतो, त्याच माणसाच्या हातची एक छोटी छत्री आर्नोच्या काठावर आहे.

इकडे कोल्हापुरात काय झालं? महाराजांना मुलगा नव्हता. पुन्हा दत्तक. 1871 मध्ये नारायणराव भोसले चौथे शिवाजी म्हणून गादीवर आले. त्यांच्या मनाचं आजारपण आणि इंग्रजांनी केलेला छळ हा वेगळाच दुःखद विषय आहे. 25 डिसेंबर 1883 ला ते अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. मग तिसऱ्यांदा दत्तक. मार्च 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव आणला गेला, आणि तो म्हणजे आपले राजर्षी शाहू महाराज. इन्सब्रुकला तो आजार झाला नसता तर राजाराम महाराजांनी कदाचित चाळीस वर्षं राज्य केलं असतं. चांगलंच केलं असतं असं डायरी वाचून वाटतं. पण मग शाहू महाराज कागललाच राहिले असते, आणि कोल्हापूर आज आहे तसं झालं नसतं. यातलं काय बरं हे ठरवायला मला जमत नाही, म्हणून मी तो विचार तिथेच सोडून दिला.

फ्लॉरेन्सवाल्यांनी मात्र महाराजांना सोडलं नाही. नाव त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून ते म्हणतात ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय. स्मारकाच्या जागेला इंडियानो, बाजूच्या इमारतीला इंडियानो. 1978 मध्ये तिथेच आर्नोवर एक नवीन पूल झाला, त्याचंही नाव ‘पोन्ते आल्लिंडियानो’. हा पूल सिव्हिलच्या मुलांनी जरूर नेटवर बघावा. केबल-स्टेड, पण नेहमीसारखा नाही. नेहमीच्या केबल-स्टेड पुलात केबलची ओढ डेकच सहन करतो. इथे मागच्या केबल दोन्ही काठांवर जमिनीत अँकर केलेल्या आहेत, आणि नदीत एकही खांब न टाकता साधारण 200 मीटरचा गाळा एका झेपेत ओलांडला आहे. अशा प्रकारच्या पुलांमध्ये तो जगातल्या सुरुवातीच्या पुलांपैकी मानला जातो. वर गाड्या धावतात आणि डेकच्या खाली चालत जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट टांगलेली आहे. त्या वाटेनं गेलं की पलीकडे उद्यान लागतं, आणि झाडांमध्ये ती छत्री दिसते.